तिसरा आग्रह

नॉर्बी गावात कुणी कुणाला एकदाच विचारत नाही आणि कुणी पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाही. कॉफी घेणार का, असं कुणी म्हटलं की आधी ‘नको, आत्ताच झाली’ म्हणायचं, मग सकाळपासून पोटात थेंब गेलेला नसला तरी. दुसऱ्यांदा विचारलं की ‘कशाला उगाच खटाटोप’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की टोपी काढायची, खुर्ची ओढायची आणि म्हणायचं, ‘बरं, तुम्ही घेतच असाल तर अर्धा कप.’ अर्धा कप म्हणजे दोन कप आणि वर केक, हे शेंबड्या पोरालाही कळतं. चर्चच्या तळघरात जेवण असलं की ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. एक जण त्याचा अर्धा करून घेतो, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी चिमणीच्या चोचीएवढं काहीतरी उरतं, ते भांडी घासणारी बाई टाकून देते. बाहेरचे लोक याला ढोंग म्हणतात. म्हणोत बापडे. मिनेसोटाच्या या सपाट टोकाला जिथे शेजाऱ्याचं घर दिव्याच्या ठिपक्याएवढं दिसतं, तिथे माणसाने माणसाच्या अंगावर पडू नये, एवढंच आमच्या आजोबा-पणजोबांनी शिकवलं आणि आम्ही ते गिरवत आलो.

एल्डन ट्वेटन या रिवाजातला मुरलेला गडी. तो म्हणायचा, “पहिल्यांदा विचारतात ती रीत. दुसऱ्यांदा विचारतात ती भीड. तिसऱ्यांदा विचारतात ते खरं.”

जन्मभर त्याने एकच काम केलं. जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ सारायचा मोठा पिवळा ट्रक चालवला. त्या कामात सुट्टी आभाळ देतं, साहेब देत नाही, आणि नाताळच्या दिवसांत आमच्याकडचं आभाळ कधी कुणाला सुट्टी देत नाही. गावातले लोक मेणबत्त्या लावून जेवायला बसत तेव्हा एल्डन त्यांच्या दारापुढचा रस्ता मोकळा करत असायचा. त्याची बायको व्हर्ना त्याचं ताट ओव्हनमध्ये झाकून ठेवायची. त्यांची एकुलती एक मुलगी मारिट खिडकीशी बसून राहायची. घरावरून जाताना एल्डन ट्रकच्या टपावरचा दिवा दोनदा बंद-चालू करायचा आणि मारिट खिडकीतला पडदा दोनदा हलवायची. बापलेकीचा नाताळ तेवढाच. तो घरी येईपर्यंत ती झोपलेली असायची आणि ताटातली ग्रेव्ही कडेला चामड्यासारखी वाळलेली असायची.

मारिट मोठी झाली, शिकायला हॉलंडला गेली आणि तिथलीच होऊन बसली. तिथल्याच योस्ट नावाच्या उंच, तोंडावर सरळ बोलणाऱ्या माणसाशी तिने लग्न केलं. फेना ही मुलगी झाली. आणि दर वर्षी पानं गळायला लागली की मारिटचा फोन यायचा, “बाबा, नाताळला या ना इकडे.” एल्डन म्हणायचा, नको. ती म्हणायची, आईला तरी वाटत असेल. तो म्हणायचा, कशाला उगाच. ती तिसऱ्यांदा म्हणायची, “या ना हो, मी खरंच विचारतेय.” तेव्हा तो म्हणायचा, “या वर्षी बर्फ फार आहे, पुढच्या वर्षी बघू.” नॉर्बीत तिसऱ्या विचारण्याला नकार देणारा माणूस दुसरा नव्हता. एल्डनला ते खटकायचं, पण रस्त्यांचं काम होतं, आणि कामापुढे रिवाजालाही थांबावं लागतं अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

व्हर्नाने मात्र पासपोर्ट काढून ठेवला होता. फार्गो शहरातल्या दुकानातून एक लाल चाकांची बॅगही आणली होती. ती बॅग जिन्याखाली उभी असायची, किमतीच्या चिठ्ठीसकट. एल्डन निवृत्त होणार त्याच्या आदल्या हिवाळ्यात व्हर्ना गेली. पोटात काहीतरी होतं, ते कळेपर्यंत उशीर झाला होता. ज्याला तो ‘पुढचं वर्ष’ म्हणायचा ते आलं, तेव्हा सोबत न्यायला माणूसच उरलं नव्हतं. मारिट अंत्यविधीला आली, भांडी घासली, लोकांच्या कॉफीचं पाहिलं. जाताना जिन्याखालची बॅग तिला दिसली. तिने चिठ्ठीवरची किंमत वाचली आणि गाडीत जाऊन बसली. तिने रडून चार शब्द सुनावले असते तर एल्डनला बरं वाटलं असतं.

मग एल्डनचे डोळे जायला लागले. आंधळा झाला असं नाही. नजरेच्या बरोबर मधोमध एक राखाडी डाग आला आणि तो वाढत गेला. कडेचं सगळं दिसायचं. समोरच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाकडे बघावं लागायचं, मग चेहरा थोडाफार हाती लागायचा. जन्मभर रस्त्याची कड धरून ट्रक चालवला, आता देवाने कडच तेवढी शिल्लक ठेवली, असं तो हसत सांगायचा. पण उन्हाळ्याच्या शेवटी डॉक्टरने त्याचं लायसन्स काढून घेतलं, तेव्हा हसणं थांबलं. नॉर्बीत दुकान नाही, दवाखाना नाही, बस तर कुणी पाहिलेली नाही. इथे ज्याच्या हातात चाक नाही तो माणूस असून नसल्यासारखा.

शेजारी लाइल ब्रेके राहायचा. जन्माचा ब्रह्मचारी, आधी पोस्टमन होता, आणि गावातला एकटा वाचाळ माणूस. तो एल्डनला किराणा आणून द्यायचा, पण लाइललाही ऐंशी गाठायला फार उरलं नव्हतं. पलीकडच्या एल्मर गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होणार होती. तिथल्या बाईंनी जानेवारीच्या मध्यापर्यंत ती धरून ठेवायचं कबूल केलं. एल्डन आणि लाइल ती खोली बघून आले. तिथले लोक खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि खिडकीबाहेर गाड्या उभ्या करायची जागा होती.

“मी इथे मरेन,” परत येताना एल्डन म्हणाला. “म्हणजे मरायचंच आहे, पण इथे लवकर मरेन.”

“मग मारिटला सांग ना सरळ,” लाइल म्हणाला. “म्हणावं, पोरी, दिसत नाही, येतो तुझ्याकडे राहायला. संपला विषय.”

“मी मागितलं तर ती नाही कशी म्हणेल?”

“अरे लेका, तेच तर पाहिजे ना!”

“तेच नकोय. मागून घेतलेल्या घरात माणूस मरेपर्यंत पाहुणा असतो. तिने आपणहून म्हणायला हवं.”

“आणि ती म्हणाली की तू काय म्हणशील?”

“नको म्हणेन.”

“डोंबल तुझं!”

“पण ती विचारेल ना पुन्हा,” एल्डन म्हणाला. “आपल्यातलीच पोरगी आहे. तिसऱ्यांदा विचारेल तेव्हा घर विकून टाकतो. तूच गिऱ्हाईक बघ.”

त्या शरद ऋतूत मारिटचा फोन आला. तिने तीनदा विचारलं आणि एल्डनने पहिल्यांदाच तिच्या तिसऱ्या विचारण्याला हो म्हटलं. मारिटने ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

जाताना त्याने जिन्याखालची लाल बॅग काढली आणि किमतीची चिठ्ठी चाचपून फाडली. चर्चमधल्या बायकांनी केलेल्या लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, कापडात गुंडाळून मधोमध ठेवल्या. लाइलने त्याला फार्गोच्या विमानतळावर सोडलं, आणि वाटेत तीनदा बजावलं, “तोंड उघड रे बाबा. तिकडचे लोक सरळ आहेत म्हणतात. तू असा तोंड मिटून बसलास तर ते सरळच्या सरळ तुला परत पाठवतील.”

ॲमस्टरडॅमला मारिट घ्यायला आली. गर्दीत तिने हाक मारली तेव्हा एल्डनला आवाज आला, पण चेहऱ्याच्या जागी डाग आला. त्याने मान वळवून तिच्या खांद्याकडे बघितलं, तेव्हा कडेला तिचा गाल दिसला. व्हर्नासारखाच झाला होता. मारिटने त्याला मिठी मारली, मग बॅगकडे हात नेला आणि हात तिथेच थांबला.

“आईची बॅग,” ती म्हणाली.

“पडून होती.”

“हो,” मारिट म्हणाली. पुढे गाडीत ती रस्त्यावरच्या धुक्याविषयीच बोलत राहिली.

घर डेव्हेंटर गावात, नदीपासून जवळ. अरुंद, उंच, शिडीसारखा जिना. पण एल्डनला वर जावं लागलं नाही. मागच्या बाजूला तळमजल्यावर एक खोली होती, तिला बागेकडचं दार होतं, न्हाणीघर लागून होतं, भिंतीला धरायला दांडा होता. योस्टची आई तिथे राहायची. ती गेल्या वसंतात वारली. दांडा हाताला लागला तेव्हा एल्डनने तो दोनदा धरून पाहिला. कुणीतरी आपल्यासाठीच हे सगळं मांडून ठेवलंय असं त्याला वाटलं. वाटायला काय लागतं!

पहिल्याच दुपारी त्याला तिथल्या सरळपणाचा झटका बसला. योस्टने कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा उघडून पुढे धरला आणि म्हणाला, “बिस्किट, एल्डन?” सासऱ्याला नावानेच हाक मारायचा तो. एल्डन म्हणाला, “नको, राहू दे.” योस्टने डबा मिटला, झाकण दाबून बसवलं आणि कपाटात ठेवून दिला. एल्डन कपाटाकडे बघत बसला. विमानात त्याने काही खाल्लं नव्हतं. जेवण व्हायला संध्याकाळ झाली, तोपर्यंत त्याच्या पोटात कावळे ओरडत होते, पण मागायचं कसं? मारिट तेव्हा वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या करत होती. ती खाली असती तर असं झालं नसतं, असं एल्डनने मनाशी ठरवून टाकलं.

लेफ्से मात्र मारिटने पाहिल्याबरोबर लोणी-साखर लावून, उभ्यानेच दोन खाल्ल्या. फेना दहा वर्षांची, तिला त्या ओल्या कागदासारख्या लागल्या आणि तिने तसं तोंडावर सांगितलं. एल्डन हसला. त्याला ती पोरगी आवडली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलाच्या मधोमध विजेची शेगडी मांडली. तिकडे प्रत्येकाला एक छोटं पसरट भांडं देतात, त्यात आपापलं मांस, आपापल्या भाज्या आपणच भाजून घ्यायच्या. सगळं टेबलाच्या मधोमध, म्हणजे बरोबर एल्डनच्या डागात. त्याने अंदाजाने भांडं सरकवलं. मांस कच्चं की करपलेलं, ते तोंडात घातल्यावरच कळायचं. मग फेनाने मुकाट्याने त्याचं भांडं आपल्याकडे ओढलं आणि त्याच्यासाठी भाजायला लागली.

“तुम्हाला दिसत नाही, ना?” योस्ट म्हणाला.

“तसं काही फार वाईट नाही,” एल्डन म्हणाला.

“आजोबा माझ्या कानाशी बोलतात,” फेना म्हणाली. “कालपासून.”

“गाडी चालवता?”

“आता नाही.”

“मग तिथे एकटे कसे राहणार?” योस्टने भांड्यातला मश्रूम उलटला. “इथेच या की राहायला. खोली रिकामी आहे. आई गेली.”

शेगडीवर चरचर चालली होती. एल्डनच्या कानात मात्र काही शिरत नव्हतं. इतक्या सहज? लाइलला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही त्याचा. आणि जे आजोबा-पणजोबांनी शिकवलं तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं. “छे, छे. तुमच्या संसारात माझी अडगळ कशाला.”

“बरं,” योस्ट म्हणाला आणि त्याने सॉसची वाटी मागितली.

एल्डनला वाईट वाटलं नाही. योस्ट परका माणूस, त्याला काय ठाऊक! हे पहिलं झालं. एल्डनने मान वळवली आणि शेजारच्या मारिटकडे कडेने पाहिलं. ती आपल्या भांड्यात काहीतरी हलवत होती. तिने मान वर केली नाही.

दोन दिवसांनी मारिट त्याला नदीकाठी फिरायला घेऊन गेली. बर्फ नव्हताच, सगळीकडे करडं, ओलं, आणि पाणी काठाला टेकलेलं. तिने त्याचा हात आपल्या कोपरात घेतला होता. एल्डनला वाटलं, असंच चालत राहिलं तर किती बरं होईल.

“बाबा,” ती म्हणाली, “योस्ट म्हणाला ते... म्हणजे, येऊ शकता तुम्ही.”

“तुझ्यामागे आधीच व्याप कमी आहेत का?”

“व्याप आहेतच.”

ते थोडे पुढे गेले. एक बोट धापा टाकत गेली.

“सासूबाईंचं पाच वर्षं केलं,” मारिट म्हणाली. “अंथरुणावरच होत्या शेवटी. नोकरी करून सगळं. आत्ता कुठे आठ महिने झाले, सकाळी उठून आधी माझी कॉफी पिते.” मग थोड्या वेळाने, सहज म्हणावं तसं ती म्हणाली, “आईला आवडली असती ती खोली. सकाळचं ऊन येतं तिथे.”

एल्डनला म्हणायचं होतं, चुकलो गं पोरी. त्याला म्हणायचं होतं, बर्फ कुणीही काढला असता. पण तो म्हणाला, “हो, खोली चांगली आहे.” आणि मनात म्हणाला, हे दुसरं.

मग तो तिसऱ्याची वाट पाहू लागला. आशेने माणूस किती बावळट होतो ते बघायचं असेल तर त्या आठवड्यातला एल्डन बघायचा. मारिट भांडी घासायला लागली की तो फडकं घेऊन शेजारी उभा राहायचा आणि एकच बशी पुसत बसायचा. घराचं छप्पर आता थकलं, असं हवेत म्हणायचा. लाइलचंही वय झालं, म्हणायचा. गेल्या हिवाळ्यात दार बर्फाने अडलं तेव्हा दीड दिवस आत अडकलो होतो, तेही सांगितलं. मारिट ‘अरे देवा’ म्हणायची आणि पुढची बशी त्याच्या हातात द्यायची. एल्मरच्या खोलीचं त्याने सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे मागणंच झालं असतं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी योस्टने अंगणात मनुके घातलेले पिठाचे गोळे तळले आणि वर पिठीसाखर भुरभुरली. डबा पुढे आला तेव्हा एल्डनने पहिल्याच विचारण्याला दोन उचलले. योस्ट खूश झाला. “शिकलात!” म्हणाला. सगळे हसले, एल्डनही हसला. एका गोळ्याच्या बाबतीत जे जमलं ते घराच्या बाबतीत त्याला जमत नव्हतं. खोलीसाठी पहिल्या फटक्यात हो म्हणायचं, म्हणजे चारचौघांत कपडे काढून उभं राहायचं.

जायचा दिवस जवळ आला तसं त्याने मारिटसाठी एक सबब शोधून काढली. ती विसरली असेल. सोपं होतं. इतकी वर्षं ती या सरळ लोकांत राहिली, इथे एकदा नको म्हटलं की डबा मिटतो. नॉर्बीची चाल तिच्या अंगातून निघून गेली. तिने दोनदा विचारलं, बापाने दोनदा नको म्हटलं, तिने ते खरं मानलं. यात तिचा काय दोष? विसरलेल्या माणसावर रागावता येत नाही. ही सबब त्याने छातीशी धरली, आणि तिच्या उबेवर शेवटचे दिवस काढले.

विमानतळावर मारिट एकटीच सोडायला आली. फेनाने घरीच निरोप घेताना त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं होतं, “आता मी तुमच्या कानाशी बोलते, फिट्टंफाट.” लाल बॅग आत गेली. तपासणीच्या रांगेला अजून वेळ होता.

“कॉफी घेऊ या, बाबा?” मारिट म्हणाली.

“नको, घरी झाली की.”

“वेळ आहे अजून.”

“कशाला उगाच खटाटोप.”

“या ना. मी घेतेच आहे,” मारिट म्हणाली. आणि तो तोंड उघडायच्या आत तीच हसून म्हणाली, “अर्धा कप.”

एल्डनने टोपी काढली आणि खुर्ची ओढली.

तिने दोन कप आणले आणि केकचा एक तुकडा. दोघांनी थोडा थोडा खाल्ला. शेवटी ताटलीत एक घास उरला. मारिटने सुरीने त्याचा अर्धा केला आणि घेतला. एल्डनने उरलेल्या अर्ध्याचा अर्धा घेतला. मग मारिटने त्याचाही अर्धा केला, आणि चिमणीच्या चोचीएवढं काहीतरी ताटलीत तसंच राहिलं.

ती काहीच विसरली नव्हती. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळं तिच्या बोटांवर होतं. दुसऱ्यानंतर काय येतं ते तिला ठाऊक होतं. दोनवर ती थांबली ती जाणूनबुजून थांबली.

तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते एल्डनला दिसलं नाही. चेहरा नेमका मधोमध होता. तिने एकदा “बाबा...” असं सुरू केलं, आणि मग म्हणाली, “पोचलात की फोन करा.” तो करतो म्हणाला. त्याला तिचा राग आला नाही. राग आला असता तर परतीचा प्रवास तरी सुसह्य झाला असता. दर वर्षी ती तिसऱ्यांदा विचारायची आणि तो ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचा. तिसरं मोडायचं त्यानेच तिला शिकवलं होतं. तिने तर निदान दोनदा विचारलं. समुद्रावरून जाताना पूर्ण वेळ तो हेच घोकत होता, आणि विमानातल्या बाईंनी जेवण विचारलं तेव्हा नको म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

फार्गोला लाइल गाडी घेऊन आला होता. एल्डनचा चेहरा पाहिला आणि त्या वाचाळ माणसाने नुसती बॅग उचलून गाडीत टाकली. तासभर गाडी पांढऱ्या अंधारातून चालली. नॉर्बीत लोकांनी नाताळचे दिवे काढायला घेतले होते. एल्डनच्या घरापुढचा रस्ता नुकताच कुणीतरी साफ केला होता, आणि ट्रकने बाजूला लोटलेला बर्फ त्याच्याच दारात ढिगाने पडला होता. लाइलने फावडं आणलं, वाट केली, बॅग पायरीवर ठेवली.

“जेवायला चल माझ्याकडे,” तो म्हणाला. “बटाटे उकडलेत.”

“नको, विमानात झालं.”

“विमानातलं काय जेवण ते! चल, खिम्याचे गोळे पण आहेत.”

“कशाला उगाच.”

लाइल पायरीवर एक पाऊल वर आला. “एल्डन, चल रे. मी खरंच बोलावतोय.”

“नको,” एल्डन म्हणाला.

चौथ्यांदा कसं विचारतात ते आमच्या गावात कुणालाच कधी शिकवलेलं नाही. लाइल फावड्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला. लांब हमरस्त्यावर बर्फाचा ट्रक चालला होता. त्याचा पिवळा दिवा एल्डनला नजरेच्या कडेला अगदी स्वच्छ दिसत होता. ट्रक गावावरून गेला, दिवा एकदाही विझला नाही.

“लाइल,” एल्डन म्हणाला, “सोमवारी मला एल्मरला नेऊन सोड. ती खोली घ्यायची आहे.”

इतक्या वर्षांत लाइलने त्याला काहीही असं सरळ मागताना ऐकलं नव्हतं.

“सोडतो,” तो म्हणाला. मग तो फावडं खांद्यावर टाकून घरी गेला आणि बटाटे एकटाच खायला बसला.